मूग गिळून गेटटेक्स्ट

संगणकाला मराठी येत नाही ही जुनी अफवा आहे. येतं. ऱ्हस्व-दीर्घासकट येतं. फक्त ते फाइलमध्ये असतं आणि पडद्यावर नसतं. का नसतं, असं विचारायला जावं तर प्रोग्रॅम ताकास तूर लागू देत नाही. हसतमुखानं इंग्रजीतून कामाला लागतो. मराठीचा विषय कधी निघालाच नव्हता, असा चेहरा करून.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना सगळे बाई म्हणतात. सेक्रेटरीसुद्धा बाईच म्हणतात, कारण लहानपणी तेही त्यांच्या वर्गात बाकावर उभे राहिलेले आहेत. निवृत्तीनंतर भिशी, भजनी मंडळ आणि हास्यक्लब ही तिन्ही बोलावणी परतवून बाईंनी मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण सुरू केलं. हे काम पीओ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत चालतं. प्रत्येक नोंदीत वर इंग्रजी वाक्य आणि खाली रिकामी अवतरणचिन्हं. त्या रिकाम्या जागेत मराठी लिहायचं. बाईंचं आयुष्य 'गाळलेल्या जागा भरा'चे पेपर तपासण्यात गेलेलं. आता सोडवायला पेपर मिळाला, तर त्या एकही जागा गाळायला तयार होईनात.

त्याच सोसायटीत एक नुकता इंजिनिअर झालेला मुलगा आहे. त्यानं मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला, तोही सी भाषेत. बाकीची मुलं असलं काम एक्सेलमध्ये उरकतात, पण हा तत्त्वाचा माणूस. सर्वसाधारण सभेत ठराव झाला की प्रोग्रॅम मराठीत हवा. ठराव एकमतानं झाला, तिथेच काहीतरी बिनसणार हे कळायला हवं होतं. बाईंनी पीओ फाइल भरून दिली. मुलानं ती एमएसजीएफएमटी नावाच्या अवजारातून काढून तिची एमओ फाइल केली. पीओ माणसानं वाचायची, एमओ यंत्रानं. सगळे त्याच्या घरी जमले, चहा झाला, मुलानं प्रोग्रॅम सुरू केला आणि पडद्यावर आलं, 'वेलकम. प्लीज सिलेक्ट अ‍ॅन ऑप्शन.'

"अरे, माझं मराठी कुठे गेलं?" बाई म्हणाल्या.

"आहे, बाई."

"आहे तर दिसत का नाही?"

"लोड होत नाहीये."

"मग तो कारण काय सांगतोय?"

"काहीच सांगत नाहीये, बाई. तीच तर पंचाईत आहे."

"आमच्या वर्गातली मुलं निदान पोट दुखत होतं म्हणायची," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

इथे गेटटेक्स्टचा स्वभाव सांगायला हवा. हे एक फंक्शन आहे. त्याला इंग्रजी वाक्य द्यायचं. त्यानं भाषांतराच्या फाइलीत ते शोधायचं आणि सापडलं तर मराठी परत द्यायचं. नाही सापडलं, तर तुम्ही दिलेलं वाक्य तुमच्याच हातात परत. त्याची नक्कलही नाही. मेमरीतला तोच पत्ता. तहसील कचेरीच्या खिडकीवर अर्ज द्यावा, आतल्या माणसानं तो घेऊन मागच्या खोलीत जावं, कपाटं उघडल्याचे आवाज यावेत आणि थोड्या वेळानं आपलाच अर्ज सही-शिक्का-शेरा यांपैकी कशाचाही डाग न लागता परत यावा, तसा हा प्रकार. कागद कमी आहे, फी भरलेली नाही, साहेब रजेवर आहेत की हा तालुकाच आपला नव्हे, काही कळायला मार्ग नाही. कारण विचारण्याची सोयही नाही, कारण खिडकीतल्या माणसाच्या दृष्टीनं काम झालेलं आहे.

आणि हे अनवधानानं नव्हे, ठरवून केलेलं आहे. याच्याआधी कॅटगेट्स नावाची पद्धत होती, एक्स-ओपन या संघटनेच्या मानकातली. तीत प्रत्येक वाक्याला क्रमांक असायचा. प्रोग्रॅमनं म्हणायचं, मला तिसऱ्या संचातला सतरावा संदेश द्या. हे क्रमांक माणसानं सांभाळायचे. मध्ये एखादा संदेश घुसला, क्रमांक घसरले आणि भाषांतराची फाइल जुनीच राहिली, की 'फाइल जतन झाली'च्या जागी 'फाइल पुसली' यायला वेळ लागायचा नाही. सन मायक्रोसिस्टिम्सच्या मंडळींनी म्हटलं, क्रमांक कशाला? इंग्रजी वाक्य हीच किल्ली धरा. सापडलं तर भाषांतर, नाही तर तेच वाक्य दाखवा, अडतंय कुठे? १९९५ साली उलरिश ड्रेपर यांनी याचीच ग्नू आवृत्ती लिहिली, आणि लिनक्सवर ती आज खुद्द सी लायब्ररीच्या पोटात असते. भाषांतर मिळालं नाही म्हणून कुठलाही प्रोग्रॅम बंद पडता कामा नये, हा विचार शहाणपणाचाच आहे. इस्पितळातल्या यंत्रानं 'मराठी सापडलं नाही' म्हणून संप पुकारलेला कुणालाच नको आहे. माझं म्हणणं एवढंच की, न बोलण्यालाही काही मर्यादा असावी.

तर शोधमोहीम सुरू झाली.

पहिला सापडला सेटलोकेल. सी भाषेचं १९८९ चं मानक असं सांगतं की प्रत्येक प्रोग्रॅम जन्माला येतो तो 'सी' नावाच्या लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेश यांच्या रीतींचा संच). म्हणजे वापरणाऱ्यानं मशीनवर मराठी निवडलेली असो की जपानी, प्रोग्रॅमला त्याचा पत्ता नसतो. सेटलोकेलला हाक मारून त्याला एक रिकामं अवतरण द्यावं लागतं. रिकामं अवतरण म्हणजे 'बाहेर काय ठरलंय ते बघून घे'. मुलानं ती ओळ लिहिलेलीच नव्हती. त्यानं ती घातली, तेव्हा बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "म्हणजे माझ्या फाइलीतलं रिकामं अवतरण भरायचं आणि तुझ्यातलं रिकामंच ठेवायचं?"

"हो, बाई."

"आणि हे कोणी कुठे लिहून ठेवलंय?"

"मॅन्युअलमध्ये."

"मग वाचत जा."

या एका ओळीनं जर्मनांचे काय हाल केले आहेत ते ऐकलं की आपण सुखी वाटतो. सेटलोकेलला सरसकट 'सगळं घे' असं सांगितलं की तो संदेशांबरोबर आकड्यांची रीतही उचलतो. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. त्यामुळे जर्मन भाषांतर दिसावं म्हणून ही ओळ टाकली की तोच प्रोग्रॅम ३.१४ वाचताना तीनवर थांबतो, कारण पुढचा ठिपका त्याला ओळखीचा राहत नाही. भाषा आली आणि पायचा अपूर्णांक गेला. मराठीत दशांशाला ठिपकाच असल्यामुळे आपल्यावर हे संकट आलं नाही. आपली संकटं वेगळी.

उदाहरणार्थ, भाषेचा संकेत. मराठीसाठी तो 'एमआर' असा आहे. आपल्याकडे एमआर म्हटलं की डॉक्टरांच्या दाराशी बॅग घेऊन बसलेला टाय लावलेला माणूस डोळ्यांसमोर येतो, पण आंतरराष्ट्रीय मानकात ते आपण सगळे आहोत. (कोकणीला तीन अक्षरं मिळाली आहेत, केओके. गोव्याच्या मंडळींनी याचा आनंद मानावा.) भाषांतरं ज्या फोल्डरात असतात त्याचं नाव 'एमआर'. म्हणून मुलानं लँग या चलामध्ये 'एमआर' लिहिलं. सरळ विचार आहे. चालला नाही. लँगला लोकेलचं पूर्ण नाव लागतं, देशासकट, 'एमआर_आयएन'. नुसतं 'एमआर' दिलं की सेटलोकेल रिकाम्या हातानं परत येतो आणि प्रोग्रॅम सी लोकेलमध्येच राहतो. म्हणजे कपाटावर पाटी एमआरची, पण खिडकीवर एमआर म्हटलं तर ओळख नाही. बरं, लँग्वेज नावाचं दुसरं चल आहे, त्याला मात्र नुसतं 'एमआर' चालतं. त्याला यादीही देता येते: आधी मराठी बघ, नसेल तर हिंदी, तीही नसेल तर इंग्रजी. या सगळ्या कारभारात मला मनापासून आवडलेली हीच एक गोष्ट. पण तिलाही अट आहे. लोकेल जर 'सी' असेल तर लँग्वेजकडे ढुंकूनही बघितलं जात नाही.

मुलानं पूर्ण नाव लिहिलं, शेवटी 'यूटीएफ-८' हा अक्षरसंचही जोडून. वेलकम. प्लीज सिलेक्ट अ‍ॅन ऑप्शन.

आता कारण निघालं की मशीनवर मराठी लोकेल बसवलेलंच नाही. डेबियन या लिनक्स-आवृत्तीत आणि तिच्या काही भाईबंदांत लोकेल-जेन नावाची एक यादी असते. तीत जगातली कितीतरी लोकेलं ओळीनं लिहिलेली असतात आणि प्रत्येकीपुढे एक हॅशचं चिन्ह असतं. हॅश म्हणजे ओळ आहे पण नाही. आपल्याला हव्या त्या ओळीपुढचा हॅश काढायचा आणि लोकेल-जेन ही आज्ञा चालवायची. सेक्रेटरी इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "म्हणजे मतदारयादीत नाव आहे, पण मतदान करता येणार नाही." सेक्रेटरींना निवडणुकीचा अनुभव आहे.

हॅश काढला. वेलकम.

बाइंडटेक्स्टडोमेन आणि टेक्स्टडोमेन या दोन फंक्शनांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण ती माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत लोचट मंडळी आहेत. पहिल्याला सांगायचं, भाषांतरं अमुक फोल्डरात आहेत. ते फोल्डर अस्तित्वात आहे का, हे तो पाहत नाही. तुम्ही चंद्रावरचा पत्ता दिलात तरी 'ठीक आहे' म्हणून तोच पत्ता परत वाचून दाखवतो. अर्धवट पत्ता दिला तर तो 'मी आत्ता जिथे उभा आहे तिथून' असा मोजतो. म्हणून एका फोल्डरातून चालवलेला प्रोग्रॅम मराठी बोलतो आणि दुसऱ्यातून इंग्रजी. दुसऱ्या फंक्शनाला सांगायचं, एमओ फाइलीचं नाव अमुक. ते सांगायला विसरलात तर तो 'मेसेजेस' नावाची फाइल शोधतो, जी कुणी कधी केलेलीच नसते. दोघांनाही खोटं सांगा, दोघंही मान डोलावतात.

शेवटी मुलानं एसट्रेस लावला. प्रोग्रॅम पडद्यामागे कर्नलकडे काय काय मागतो ते हे अवजार ओळीओळीनं दाखवतं. आणि तेव्हा त्या मुक्या माणसाची खरी धावपळ दिसली. मागच्या खोलीत तो काय काय करत होता! आधी 'एमआर_आयएन.यूटीएफ-८' नावाच्या फोल्डरात गेला. नाही. मग यूटीएफ लहान अक्षरांत आणि डॅश काढून. नाही. मग यूटीएफ सोडून नुसतं 'एमआर_आयएन'. नाही. मग देश सोडून 'एमआर.यूटीएफ-८'. मग तेच लहान अक्षरांत. मग सगळं सोडून नुसतं 'एमआर'. सहा कपाटं, सहा वेळा नकार. प्रत्येक नकाराचा एररनंबर तयार होतो, 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही'. आणि परत येण्याआधी हा गृहस्थ एररनो नावाच्या चलात आधी जे होतं तेच पुन्हा ठेवून देतो! का, तर हाक मारणारा कदाचित कुठल्या तरी दुसऱ्याच चुकीचा संदेश छापत असेल, आणि तिचा क्रमांक आपल्यामुळे बिघडू नये. इतका सभ्यपणा मी माणसांत पाहिलेला नाही. स्वतःच्या अपयशाचा पुरावासुद्धा तो दुसऱ्याच्या सोयीसाठी पुसून जातो.

बाईंनी यादी वाचली. "सगळीकडे नावापुढे एलसी-मेसेजेस असं काय लिहिलंय?"

मुलगा पाहत राहिला. 'एमआर'च्या आत 'एलसी_मेसेजेस' नावाचा आणखी एक फोल्डर लागतो आणि एमओ फाइल त्याच्या आत ठेवायची असते. ही फाइल बाहेरच पडून होती. मुलानं ती चटकन आत सरकवली आणि चालू प्रोग्रॅमकडे बघितलं. काही फरक नाही. एकदा फाइल नाही असं ठरलं की हा प्रोग्रॅम पुन्हा शोधायला जात नाही. बंद करून नव्यानं सुरू करावा लागतो. तसा केला आणि पडद्यावर इंग्रजी नव्हतं!

मराठीही नव्हतं. प्रश्नचिन्हं होती. ओळच्या ओळ प्रश्नचिन्हं, मध्ये मध्ये जागा सोडलेल्या, म्हणजे शब्द कुठे संपतात ते बरोबर कळत होतं.

"हे माझं नाही," बाई म्हणाल्या. "मी एवढे प्रश्न विचारलेच नव्हते."

झालं होतं असं की मुलाच्या सेटिंगात कधीकाळी कुणाचं तरी पाहून टाकलेलं एलसी-सीटाइप 'सी'वर होतं. संदेशांची भाषा मराठी, पण अक्षरांचा संच अमेरिकन अ‍ॅस्की. गेटटेक्स्टला फाइल सापडली, त्यानं बाईंचं मराठी काढलं, तुम्हाला चालेल अशा अक्षरांत बदलायला घेतलं आणि जे अक्षर बसेना तिथे प्रश्नचिन्ह ठेवलं. एकही अक्षर बसलं नाही. तरीही तक्रार नाही. ते सेटिंग उडवलं आणि 'सुस्वागतम्. कृपया पर्याय निवडा.' असं सोसायटीच्या इतिहासात प्रथमच एका सी प्रोग्रॅमनं म्हटलं. टाळ्या झाल्या. सेक्रेटरी घाईनं म्हणाले, "बघा, मी म्हणत होतोच."

फाइल एकदा सापडली की मात्र गेटटेक्स्ट हा माणूस वाघ आहे, हे कबूल करायला हवं. एमओ फाइल तो वाचत बसत नाही. एमएमॅपनं थेट मेमरीत पसरतो. सुरुवातीला एक खुणेचा आकडा असतो, सोळाच्या पायावर लिहिलेला, ९५०४१२डीई. तो जुळला तरच फाइल खरी. (पहिले सहा अंक तारखेसारखे दिसतात, आणि शेवटच्या दोन अक्षरांत जर्मनीचा संकेत दिसतो, ज्याला जे समजायचं ते त्यानं समजावं.) आतली इंग्रजी वाक्यं वर्णानुक्रमानं लावलेली असतात, म्हणजे मधोमध उघडून अर्धं अर्धं टाकत शोधता येतं. बरोबर एक हॅश-तक्ताही असतो, पी. जे. वाइनबर्गर यांच्या सूत्रावर बांधलेला, म्हणजे तेवढेही श्रम नकोत. फक्त प्रोग्रॅम चालू असताना त्याच फाइलीवर नवी फाइल कॉपी करू नये. पायाखालची वाळू सरकते आणि प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळतो. मौन सोडायची त्याची ती एकच पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी बाईंना सभासदांचे ईमेल आले. हिशेबाच्या तक्त्यात जिथे शेऱ्याचा रकाना रिकामा होता, तिथे प्रत्येक ओळीत बाईंचं पूर्ण नाव आणि ईमेल छापलं जात होतं. त्याचं कारण असं. पीओ फाइलीत पहिली नोंद रिकाम्या वाक्याची असते आणि तिच्या भाषांतराच्या जागी फाइलीचं मथळापत्र ठेवतात: प्रकल्पाचं नाव, दुरुस्तीची तारीख, शेवटचा भाषांतरकार, अक्षरसंच, अनेकवचनाचा नियम. गेटटेक्स्टला रिकामं वाक्य दिलं की तो इमानदारीनं त्याचं 'भाषांतर' म्हणून हे सगळं पत्र हाती ठेवतो. मुलानं शेऱ्याचा रकाना न बघता भाषांतराला दिला होता. काही सांगायला हवं असतं तेव्हा तो गप्प बसतो, आणि काही विचारलेलंच नसतं तेव्हा सगळं सांगतो.

"सभासदांनी काय काय लिहिलंय मला?" मुलानं ओशाळून विचारलं.

"तुला नाही, मला लिहिलंय," बाई म्हणाल्या. "लिफ्टची तक्रार, पाण्याची तक्रार. आता मीच सेक्रेटरी आहे असं सगळ्यांना वाटतंय." सेक्रेटरी यावर काही बोलले नाहीत.

पावतीचं प्रकरण याहून नाजूक होतं. इंग्रजीत 'अमुक रक्कम अमुकांकडून मिळाली' अशा क्रमानं दोन रिकाम्या जागा होत्या. आधी रक्कम, मग नाव. मराठीत नाव आधी येतं. बाईंनी सहज भाषेत लिहिलं, 'अमुक यांच्याकडून अमुक मिळाले'. सी भाषेच्या प्रिंटएफला मराठीचं व्याकरण येत नाही. तो दिलेल्या क्रमानं जागा भरतो. सेक्रेटरींनी मेंटेनन्स भरला तेव्हा पावती निघाली, 'रुपये १८०० यांच्याकडून सेक्रेटरी मिळाले'. सोसायटीनं सेक्रेटरी अठराशेला विकत घेतला, असा त्याचा सरळ अर्थ होत होता, आणि काही सभासदांच्या मते किंमत जास्त होती. यावर उपाय आहे. प्रत्येक जागेला क्रमांक द्यायचा, म्हणजे भाषांतरकार 'दुसरी आधी, पहिली नंतर' असं लिहू शकतो. ही सोय पॉझिक्स या मानकानं केव्हाची दिलेली आहे. दोन्ही जागी मजकूर असल्यानं एमएसजीएफएमटीच्या तपासणीत हे पकडलं गेलं नाही. एका जागी आकडा आणि दुसऱ्या जागी मजकूर असता तर तपासणीचा पर्याय लावताच तो ओरडला असता, आणि तो पर्याय न लावता पाठवलं असतं तर प्रोग्रॅमनं १८०० हा मेमरीतला पत्ता समजून तिकडे प्रस्थान ठेवलं असतं. या सगळ्या कुटुंबात एमएसजीएफएमटी हे एकच तोंड असलेलं माणूस आहे. त्याला बोलू द्या.

अनेकवचनाचं मात्र बाईंनी कौतुक केलं. 'एक महिना', 'दोन महिने' यांचा निवाडा एनगेटटेक्स्ट करतो, आणि नियम फाइलीच्या मथळ्यातच असतो. मराठीच्या फाइलींत तो सहसा 'रूपं दोन. संख्या एक नसेल तर दुसरं' असा असतो. जपानीला एकच रूप पुरतं, रशियनला तीन लागतात, अरबीला सहा. हा नियम सी भाषेतल्या सूत्राच्या रूपात लिहिलेला असतो आणि प्रोग्रॅम चालू असताना वाचला जातो. "शून्य आलं तर?" बाईंनी विचारलं. शून्य म्हणजे एक नव्हे, म्हणून 'थकबाकी ० महिने'. ते बरोबरही आहे. सोसायटीत कुणाची तशी थकबाकी नसल्यामुळे ते दिसलं मात्र नाही.

मग मुलानं इंग्रजी वाक्यांत सुधारणा केल्या. असल्या मुलांची ही खोड असते. काम संपलं की ती इंग्रजी सुधारतात. इथे वाक्य हीच किल्ली. पूर्णविराम वाढवला तरी किल्ली बदलते आणि जुनं मराठी निराधार होतं. एमएसजीमर्ज नावाचं अवजार त्यातल्या त्यात जवळचं वाक्य शोधून त्याचं मराठी तिथे चिकटवतं आणि वर 'फझी' असा संशयाचा शिक्का मारतं. माणसानं पाहून शिक्का काढेपर्यंत एमएसजीएफएमटी असल्या नोंदी एमओत घेत नाही, पुन्हा इंग्रजी. हे योग्यच आहे. पण मराठी कमी दिसू नये म्हणून मुलानं फझी नोंदीही घ्यायचा पर्याय लावला. 'पेमेंट नॉट रिसीव्ड' हे नवं वाक्य 'पेमेंट रिसीव्ड'च्या अगदी जवळचं. त्यामुळे ज्यांनी पैसे भरले नव्हते त्यांच्या नावापुढे 'पैसे मिळाले' असं आलं. हा एकमेव दोष असा होता की ज्याबद्दल एकाही सभासदानं तक्रार केली नाही.

सेक्रेटरींना आणखी एक बटण हवं होतं, चालू प्रोग्रॅममध्येच भाषा बदलायचं. मॅन्युअलमध्ये त्याची रीत दिलेली आहे. लँग्वेज हे चल बदलायचं आणि मग '_एनएल_एमएसजी_कॅट_सीएनटीआर' नावाच्या एका जागतिक चलात एक मिळवायचा. एवढंच. का मिळवायचा, तर गेटटेक्स्टनं आधीची उत्तरं लक्षात ठेवलेली असतात. आकडा बदललेला दिसला की तो ती विसरतो. ज्याला साधं 'नाही सापडलं' म्हणता येत नाही, त्याला 'विसर' असं सांगायला एवढं लांब नाव लागतं, याचं मला नवल वाटलं नाही.

आणि हे सगळं सुरळीत झाल्यावर मुलाला एक खरी अडचण आली. डेटाबेसनं काहीतरी चूक दाखवली, शुद्ध मराठीत. ती त्यानं गुगलवर टाकली. त्या वाक्यानं जगात दुसरं काही सापडेना, कारण ते वाक्य जगात फक्त बाईंनी लिहिलं होतं. ओळखीच्या एका जुन्या जाणत्याला त्यानं विचारलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: आज्ञेच्या आधी एलसी-ऑल बरोबर सी लाव आणि मग काय येतं ते पाठव. म्हणजे प्रोग्रॅम इंग्रजीत परत ने. जाणत्यांच्या जगात हाच पहिला सल्ला असतो. लोकेलची सगळी चलं एका बाजूला आणि एलसी-ऑल एका बाजूला. ते बोललं की बाकीच्यांनी गप्प बसायचं.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, तुझं इंग्रजी वाक्य तरी कुणाला कळलंय?" मुलानं पाहिलं. इंग्रजी वाक्य होतं, 'अननोन एरर'.

ता. क. युनिक्स घराण्याच्या प्रणालींसाठी पॉझिक्स नावाचं मानक आहे. त्याच्या २०२४ च्या आवृत्तीत गेटटेक्स्ट आणि त्याचं गणगोत पहिल्यांदा अधिकृतपणे दाखल झालं. भाषांतर सापडलं नाही तर दिलेलं वाक्य तसंच परत द्यावं, हेही त्यात आलं. म्हणजे या मौनाविरुद्ध आता अपील नाही. तुमच्या मशीनवर मराठी दिसत नसेल तर त्याला विचारत बसू नका. एसट्रेस लावा आणि तो कुठल्या कपाटापर्यंत गेला होता ते स्वतःच वाचा.